केटामिन आणि हट्टी वेदना

केटामिनचे नाव आपण बहुधा वर्तमानपत्रात वाचलेले असते आणि तेही अमली पदार्थ पकडल्याच्या बातमीत. लहान गावातील शस्त्रक्रियागृहात काम करणाऱ्या डॉक्टरांची त्याच्याशी ओळख मात्र अगदी वेगळी असते. पाण्यासारखे स्वच्छ दिसणारे हे औषध शिरेतून दिले की मिनिटभरात भूल चढते, तरीही रुग्णाचा श्वास सहसा आपोआप चालू राहतो आणि रक्तदाब खाली येत नाही. जेथे प्राणवायूचे सिलिंडर वेळेवर पोचेलच असे नाही आणि वीज केव्हाही जाते, तेथे या गुणाचे मोल फार मोठे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ पासून केटामिनला आवश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले आहे ते याच कारणाने.

या दोन ओळखींपलीकडे केटामिनची तिसरी एक ओळख आहे. हा लेख तिच्याविषयी आहे. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात काही रुग्णांची वेदना मॉर्फिनलाही दाद देत नाही. अशा वेळी भुलीचे हेच औषध अगदी थोड्या मात्रेत दिले तर वेदना उतरेल का? गेली तीस-पस्तीस वर्षे जगभरचे डॉक्टर याचा शोध घेत आहेत. प्रयोगशाळेतील तर्क त्यांच्या बाजूने होता, रुग्णाच्या खाटेशेजारचा अनुभवही बाजूने होता. पुढे जे झाले ते विज्ञान शिकवणाऱ्यांनी मुद्दाम समजून घ्यावे असे आहे.

डेट्रॉइटमधील जन्म

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात पार्क-डेव्हिस ही औषध कंपनी होती. तिच्या प्रयोगशाळेत १९५६ मध्ये फेनसायक्लिडीन नावाचे संयुग तयार झाले. त्याने प्राणी शांत होत, माणसाची वेदना पूर्ण नाहीशी होई आणि श्वास थांबत नसे. शल्यविशारदांना हवे तसेच हे औषध होते. अडचण शस्त्रक्रिया संपल्यावर सुरू होई. शुद्धीवर येताना काही रुग्ण तासन् तास भ्रमात राहत, बडबडत, आक्रमक होत. माणसासाठी ते वापरणे सोडून द्यावे लागले.

पण त्या रेणूचा गाभा चांगला होता. वेन स्टेट विद्यापीठातील सेंद्रिय रसायनशास्त्राचे प्राध्यापक कॅल्व्हिन स्टीव्हन्स या कंपनीचे सल्लागार होते. फेनसायक्लिडीनशी नाते सांगणारी, पण कमी काळ टिकणारी संयुगे बनवण्याचे काम त्यांनी हाती घेतले. त्यातून १९६२ मध्ये जे संयुग निघाले त्याला कंपनीने सीआय-५८१ असा क्रमांक दिला. हेच केटामिन.

माणसाला ते पहिल्यांदा दिले गेले ३ ऑगस्ट १९६४ रोजी. देणारे होते मिशिगन विद्यापीठातील औषधशास्त्रज्ञ एडवर्ड डॉमिनो व भूलतज्ज्ञ गुंथर कॉर्सेन. घेणारे होते जॅक्सन येथील तुरुंगातील कैदी. त्यांना 'स्वयंसेवक' म्हटले गेले. गजाआड असलेल्या माणसाच्या स्वेच्छेला कितपत अर्थ असतो हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारत नसे. वीस जणांवरील निष्कर्ष १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले. हे लोक झोपलेले दिसत नव्हते. डोळे उघडे, नजर शून्यात, आणि कातडीला चिमटा घेतला तरी प्रतिसाद नाही. नंतर काहींनी सांगितले, आपण अंतराळात तरंगत होतो, हातपाय जाणवतच नव्हते. या अवस्थेला नाव काय द्यावे यावर कंपनीत खल चालला होता. डॉमिनोंनी घरी पत्नीला वर्णन सांगितले, तेव्हा ही माणसे शरीर व परिसर यांपासून तुटल्यासारखी, विलग झाल्यासारखी दिसतात, असे त्यांनी सुचवले. त्यावरून 'विलगकारी भूल' हा शब्द शास्त्रात रूढ झाला.

१९७० मध्ये अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली आणि व्हिएतनाम युद्धात जखमी सैनिकांसाठी ते वापरले गेले. पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, एका गटाने दाखवले की भूल चढणार नाही इतक्या कमी मात्रेतही केटामिन वेदना कमी करते. हे निरीक्षण पुढे बराच काळ बाजूलाच राहिले. वेदनेसाठी मॉर्फिन होते, तर केटामिनची गरज कोणाला?

मॉर्फिन कोठे थांबते

मॉर्फिन होते खरे, पण मरणासन्न रुग्णाला ते नीट दिले जात नव्हते. व्यसन लागेल या भीतीने डॉक्टर रुग्ण ओरडेपर्यंत थांबत आणि मग सुई टोचत. लंडनमधील सिसिली साँडर्स यांनी ही पद्धत मोडली. त्या आधी परिचारिका, मग सामाजिक कार्यकर्त्या व नंतर डॉक्टर झाल्या. १९६७ मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केले. वेदना परत येण्याआधीच, घड्याळ लावून, तोंडाने मॉर्फिन द्यायचे हा त्यांचा नियम. रोग बरा होणार नाही हे मान्य करून रुग्णाच्या यातना कमी करण्याच्या या शास्त्राला आज पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. मराठीत उपशामक शुश्रूषा म्हणता येईल. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची 'शिडी' प्रसिद्ध केली. साध्या गोळ्यांपासून सुरुवात आणि सर्वांत वरच्या पायरीवर मॉर्फिन. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना आश्रम हे भारतातील पहिले हॉस्पिस सुरू झाले.

या शिडीने बहुसंख्य रुग्णांची वेदना आटोक्यात येते. काही मात्र उरतात. गाठीचा दाब एखाद्या चेतारज्जूवर पडलेला असतो. वेदना ठणकणारी नसते, जळजळणारी, विजेचा झटका बसल्यासारखी असते. नुसती चादर अंगाला लागली तरी असह्य होते. मॉर्फिन वाढवावे तर गुंगी आणि मळमळ वाढते, वेदना तशीच राहते. क्वचित असेही होते की मॉर्फिन वाढवल्यावर वेदनाच वाढते.

असे का व्हावे? उत्तराचा एक धागा १९६५ च्या सुमाराला लॉर्न मेंडेल आणि पॅट्रिक वॉल यांना सापडला होता. वेदना वाहून नेणारे सर्वांत बारीक चेतातंतू त्यांनी ठरावीक अंतराने, साधारण सेकंदाला एकदा, उत्तेजित केले. उत्तेजना दर वेळी तेवढीच. पण मेरुरज्जूतील चेतापेशींचा प्रतिसाद प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठा येऊ लागला. चावीच्या घड्याळाला चावी भरत जावे तसे. या घटनेला इंग्रजीत 'वाइंड-अप' हेच नाव पडले. म्हणजे मेरुरज्जू हा टेलिफोनच्या तारेसारखा निरोप्या नाही. आलेला निरोप तो वाढवूनही सांगतो.

दुसरा धागा कॅनबेरातला. तेथे साठीच्या दशकाच्या आरंभी जेफ्री वॉटकिन्स व डेव्हिड कर्टिस चेतापेशींना उत्तेजित करणारी अमिनो आम्ले तपासत होते. त्यांतले एक फार प्रभावी निघाले. त्याचे नाव एन-मिथिल-डी-अ‍ॅस्पार्टेट, संक्षेपाने एनएमडीए. शरीरात हे संयुग संदेशवाहक म्हणून काम करत नाही. ते काम ग्लुटामेटचे. पण ग्लुटामेटला प्रतिसाद देणाऱ्या ग्राही रेणूंपैकी एका जातीची ओळख या कृत्रिम संयुगामुळे पटली, आणि त्या ग्राहीला त्याचेच नाव मिळाले. केटामिन जन्मले त्याच सुमाराला हे घडत होते, पण दोन्ही गोष्टींचा परस्परांशी काही संबंध आहे हे कोणाच्या गावीही नव्हते. तो संबंध लंडनमध्ये डेव्हिड लॉज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये जोडला. केटामिन आणि फेनसायक्लिडीन ही दोन्ही औषधे एनएमडीएमुळे होणारी उत्तेजनाच तेवढी निवडून कमी करतात, हे त्यांनी दाखवले.

पुढच्या चार वर्षांत चित्र भराभर स्पष्ट झाले. एनएमडीए ग्राही म्हणजे पेशीच्या आवरणातील एक दार. ग्लुटामेट आले तरी ते लगेच उघडत नाही, कारण त्याच्या मार्गात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा अडकलेला असतो. पेशी आधीच पुरेशी उत्तेजित असेल तरच हे बूच निघते. मग कॅल्शियम आत शिरते आणि पेशी अधिकच संवेदनशील होते. साध्या, क्षणिक वेदनेत दार बंद राहते. सतत मारा होत राहिला की उघडते. १९८७ मध्ये लॉज यांच्याच गटाने दाखवले की ही दारे अडवली तर 'चावी भरणे' थांबते. केटामिनचा रेणू या उघड्या दारात शिरून बसतो. म्हणजे जी दारे जास्त उघडतात, तेथेच तो जास्त अडतो. १९९१ मध्ये उंदरांवर असेही दिसले की एनएमडीए ग्राही अडवणारे औषध सोबत दिले, तर मॉर्फिनचा परिणाम दिवसागणिक कमी होत जाणे टळते.

इतका देखणा तर्क जीवशास्त्रात क्वचितच जुळून येतो. हट्टी वेदनेचे कुलूप सापडले, आणि त्याची किल्ली वीस वर्षे शस्त्रक्रियागृहाच्या कपाटात पडून होती!

एकोणतीस आणि एकोणतीस

नव्वदीच्या दशकात जपान, इटली, पोलंड अशा ठिकाणांहून लहान लहान अहवाल येऊ लागले. एकेका अहवालात मोजकेच रुग्ण. मॉर्फिन हरले तेथे केटामिनने हात दिला, असा बहुतेकांचा सूर. पद्धतही हळूहळू ठरत गेली. ५० किलो वजनाच्या माणसाला ५० ते १०० मिलिग्रॅम केटामिन शिरेतून एकदम दिले तर भूल चढते. तेच १०० मिलिग्रॅम छोट्या पंपाने, कातडीखाली ठेवलेल्या बारीक सुईतून, चोवीस तासांत पसरून दिले तर माणूस जागा राहतो, बोलतो, जेवतो.

ऑस्ट्रेलियात केट जॅक्सन व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. मोठी म्हणजे किती, तर ३९ रुग्ण. तीन ते पाच दिवसच औषध द्यायचे. रोज १०० मिलिग्रॅमपासून सुरुवात, गरज पडली तर ३००, मग ५००, आणि नंतर बंद. या ३९ जणांच्या ४३ वेदनांची त्यांनी नोंद ठेवली. ४३ पैकी २९ वेदनांत, म्हणजे ६७ टक्के वेळा, चांगला उतार पडला. औषध थांबवल्यानंतरही बऱ्याच जणांचा आराम टिकून होता. सर्व उपाय थकलेल्या रुग्णांत हा आकडा विलक्षण होता, आणि ही पद्धत ऑस्ट्रेलियाबाहेरही पसरली.

त्याच वेळी काही जण वेगळा प्रश्न विचारत होते. केटामिन न देता, बाकी सगळे तसेच करून, किती जणांना उतार पडला असता? २००३ मध्ये उपलब्ध पुराव्याचा आढावा घेतला गेला, तेव्हा नीट तुलना केलेल्या फक्त दोन चाचण्या हाती लागल्या. दोन्ही मिळून रुग्ण होते ३०. जगभर वापरात आलेल्या एका पद्धतीला एवढाच आधार. यात कोणाची लबाडी नव्हती. अंथरुणाला खिळलेल्या, काही आठवड्यांचा सोबती असलेल्या माणसाला चाचणीत सामील व्हाल का असे विचारणे कोणालाही जड जाते. शिवाय केटामिनचे पेटंट केव्हाच संपले होते, त्यामुळे खर्च करायला कोणतीही कंपनी पुढे येणार नव्हती.

हे काम ऑस्ट्रेलियातीलच जॅनेट हार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक रुग्णालये मिळून केले. वापरात असलेलीच पद्धत त्यांनी घेतली. पाच दिवस, १००, ३००, ५०० मिलिग्रॅम. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाच्या पंपात केटामिन, दुसऱ्याच्या पंपात नुसते सलाईन. कोणाच्या पंपात काय आहे हे रुग्णाला ठाऊक नाही, परिचारिकेला नाही आणि डॉक्टरलाही नाही. अशा चाचणीला 'दुहेरी अंध' म्हणतात. यश कशाला म्हणायचे तेही आधीच ठरवून ठेवले होते. दहाच्या मापात वेदना किमान २ अंकांनी उतरली पाहिजे आणि शेवटच्या चोवीस तासांत वेदनाशामकाच्या चारपेक्षा जास्त जादा मात्रा लागता कामा नयेत.

निकाल २०१२ मध्ये आला. केटामिन मिळालेल्या ९३ जणांपैकी २९ जणांना उतार पडला. सलाईन मिळालेल्या ९२ जणांपैकी २५ जणांना.

हे आकडे फळ्यावर लिहावेत. पहिल्या गटात ३१ टक्के, दुसऱ्यात २७. फरक ४ टक्क्यांचा. म्हणजे २५ रुग्णांना केटामिन दिले तर सलाईनपेक्षा एका जास्त रुग्णाला आराम, तोही योगायोग नसेल तर. गणिताने सांगितले की खरा फरक सलाईनच्या बाजूने १० टक्के ते केटामिनच्या बाजूने १८ टक्के यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. उलट बाजूला, त्रासामुळे औषध सोडावे लागण्याचे प्रमाण पाहिले, तर केटामिन दिलेल्या दर ६ रुग्णांमागे एक जादा रुग्ण भरला. गुंगी, भ्रम, चक्कर हे त्रास तर होतेच.

२००१ मधले २९ आणि २०१२ मधले २९. अंश तोच, छेद वेगळा. मधल्या काळात, २०१० मध्ये, जॅक्सन यांच्याच गटाने दुसरी पाहणी प्रसिद्ध केली होती. तीत ४४ पैकी २२ रुग्णांना गुण आला होता. ६७, मग ५०, मग ३१ टक्के. यशाची व्याख्या प्रत्येक वेळी थोडी वेगळी होती, म्हणून हे आकडे शेजारी ठेवताना सावध राहायला हवे. पण एखाद्या उपायाकडे जितके काटेकोरपणे पाहावे तितका त्याचा प्रताप घटत जातो, हा अनुभव वैद्यकाला नवा नाही.

मला यात सर्वांत लक्षवेधक वाटतात ते सलाईनवर उतार पडलेले २५ जण. त्यांची वेदना खोटी नव्हती. शिडीच्या सर्व पायऱ्या चढून झालेली ती माणसे होती. मग त्यांना आराम कशाने पडला? काही वाटा पंपाचा असेल. पंप लावला की परिचारिका वरचेवर येते, विचारपूस करते, वेदनेचा आकडा लिहून घेते. नवे काही केले जात आहे ही आशा असते. आणि एक कारण शिक्षकांना लगेच पटेल. पहिल्या चाचणीत सर्वांत कमी गुण मिळालेली पाच मुले निवडा आणि काहीही जादा न शिकवता त्यांची दुसरी चाचणी घ्या. त्यांची सरासरी बहुधा वर गेलेली दिसेल, कारण पहिल्या दिवशी त्यांपैकी काहींचा दिवस वाईट होता. वेदनाही अशीच चढते-उतरते. डॉक्टर नवा उपाय सुरू करतात तो वेदना शिगेला पोचल्यावर, म्हणजे तशीही ती थोडी उतरण्याच्या बेतात असताना. खाटेशेजारी उभे राहून हे ओळखता येत नाही. जॅक्सन यांनी पाहिलेला आराम खराच होता, पण तो कशामुळे पडला हे सांगायला त्यांच्याजवळ दुसरा पंप नव्हता.

वाद मिटला नाही

हार्डींच्या निकालावर आक्षेप आले, आणि काही विचार करण्याजोगे होते. पाच दिवसांत मात्रा इतकी झपाट्याने चढवणेच चुकीचे असेल. वेगवेगळ्या प्रकारच्या वेदना एकत्र केल्या असतील. अत्यंत तळमळणारा रुग्ण संमतिपत्र वाचून सही करण्याच्या स्थितीत नसतो, म्हणजे ज्यांना केटामिनची खरी गरज आहे ते चाचणीत आलेच नसतील. एक आक्षेप मात्र उलटा फिरतो. केटामिनने तरंगल्यासारखे वाटते, तेव्हा आपल्याला खरे औषध मिळाले हे काही रुग्णांनी ओळखले असणार, मग चाचणी 'अंध' कसली? पण ओळखले असेल तर त्याचा लाभ केटामिनच्याच पारड्यात पडायला हवा होता.

चेतातंतूंच्या इजेमुळे होणारी वेदना तेवढी घेतली तर? मारी फॅलन यांच्या नेतृत्वाखाली तशीही चाचणी झाली. २१४ रुग्ण, तोंडाने केटामिन, मात्रा रुग्णागणिक सावकाश वाढवलेली. २०१८ मध्ये निकाल आला तो तोच. प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली मात्रेपेक्षा, सरस नाही.

तर मग मेरुरज्जूतील ते दार, ते बूच, तो सगळा तर्क चुकला का? तसेही म्हणता येत नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी थोडे केटामिन दिले तर नंतर मॉर्फिन कमी लागते, हे पुष्कळ चाचण्यांत दिसले आहे. तेथे घाव ताजा असतो आणि चावी भरली जाण्याआधीच औषध पोचलेले असते. महिनोन् महिने गाठीने चेपलेल्या चेतारज्जूची कथा निराळी असावी. तेथे एनएमडीएच्या दारापलीकडे आणखी बरेच काही बदललेले असणार. हा माझा अंदाज आहे. उंदराच्या मेरुरज्जूपासून माणसाच्या खाटेपर्यंतचे अंतर तर्काने जितके वाटते त्याहून बरेच जास्त निघाले, एवढे मात्र खरे.

केटामिन वापरणारे डॉक्टर आजही आहेत. आपण स्वतः पाहिलेला एखादा रुग्ण त्यांना विसरता येत नाही. त्यांपैकी जाणते लोक मात्रा थोडी ठेवतात, दोन-तीन दिवसांत फरक दिसला नाही तर थांबवतात. लांबवर वापरही टाळतात, कारण नशेसाठी रोज केटामिन घेणाऱ्यांच्या मूत्राशयाला गंभीर इजा होते हे २००७ पासून कॅनडा व हाँगकाँगमधील डॉक्टरांनी दाखवून दिले आहे.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आला. त्याच्या परवान्यांच्या जंजाळात मॉर्फिन इतके अडकले की १९८५ ते १९९७ या काळात देशातील त्याचा वापर ९७ टक्क्यांनी घटला. औषधांसाठी लागणारी अफू ज्या देशात कायद्याने पिकवली जाते त्या देशात! केटामिन मात्र भुलीचे औषध म्हणून सहज मिळत राहिले. नशेसाठी होणारी त्याची चोरटी विक्री वाढली, तेव्हा २०११ मध्ये ते या कायद्याच्या कक्षेत आले व २०१३ मध्ये औषध नियमांच्या सर्वांत कडक अनुसूचींपैकी एकीत गेले. मॉर्फिनसाठीचा कायदा २०१४ मध्ये सैल झाला. जेथे मॉर्फिन मिळत नाही तेथे हाताशी असलेल्या केटामिनकडे वळण्याचा मोह समजण्यासारखा आहे. पण वर सांगितलेल्या चाचण्या तशा रुग्णांवर झालेल्या नाहीत. हार्डींच्या चाचणीत प्रवेश मिळायचा तर मॉर्फिनसारखी औषधे आणि त्यांना पूरक औषधे पुरेशी देऊनही वेदना राहिली असली पाहिजे, अशी अट होती. ही अट लावली, तर आपल्या खेड्यापाड्यांतील ज्या वेदनेला आज हट्टी म्हटले जाते तिच्यातली बरीचशी त्या चाचणीत बसणार नाही. तिला अजून मॉर्फिनच मिळालेले नाही.